त्या काळातले साक्षीदार

अमेरिकेच्या हायस्कुलात, बहुधा अकरावीत, देशाचा इतिहास शिकवताना १८०० ते १८६० हा टप्पा आला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. वॉशिंग्टन, जेफरसन, दर रविवारी चर्चमध्ये प्रवचन देणारे आणि घरी गुलाम बाळगणारे ते धर्मोपदेशक, ही माणसे चांगली होती की वाईट? शिक्षकापाशी दोन उत्तरे तयार असतात. एक असे की त्या काळी तसेच होते, आजच्या फूटपट्टीने त्यांना मोजू नये. दुसरे असे की गुलामगिरी हे पाप, ती करणारे पापी, आणि विषय संपला. पहिले उत्तर समजूतदार वाटते, दुसरे धीट वाटते. माझ्या मते दोन्ही उत्तरे मुलांना इतिहासापासून दूर नेतात, कारण दोन्हींत न्याय करणारा माणूस आजचा आहे असे गृहीत धरलेले असते. वास्तविक यादवी युद्धापूर्वीच्या त्या साठ वर्षांत गुलामगिरीचा खटला अमेरिकेत रोज चालू होता. तो चर्चमध्ये चालला, विधिमंडळांत चालला, वर्तमानपत्रांत चालला आणि मळ्यांवरच्या झोपड्यांतही चालला. वादी, प्रतिवादी, साक्षीदार सगळे त्याच काळातले होते आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हाती एकच ग्रंथ होता, बायबल. त्या खटल्याचे कागद मुलांपुढे उलगडून ठेवणे हे शिक्षकाचे खरे काम आहे, आणि त्यातला धर्माचा भाग वगळून ते करता येत नाही.

'त्या काळी तसेच होते' हे वाक्य पुराव्यापुढे टिकत नाही. १६८८ साली पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनमध्ये चार वसाहतकऱ्यांनी क्वेकर पंथाच्या सभेपुढे गुलामगिरीचा लेखी निषेध ठेवला. आपल्याला कुणी असे वागवलेले चालेल का, एवढाच त्यांचा मुख्य आधार होता आणि तो थेट येशूच्या उपदेशातला होता. १७०० साली बोस्टनचे न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यांनी योसेफाला त्याच्या भावांनी विकले त्या कथेवरून गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पत्रक छापले. हेच स्यूअल सेलमच्या चेटूक खटल्यांत न्यायासनावर होते आणि त्याबद्दल त्यांनी चर्चमध्ये सर्वांदेखत क्षमा मागितली होती. पुढे जॉन वूलमन हा न्यू जर्सीचा शिंपी क्वेकर मालकांच्या घरोघरी जाऊन त्यांच्याशी शांतपणे बोलत राहिला. १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने आपल्या सदस्यांना गुलाम बाळगण्यास मनाई केली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला ते वर्ष हेच आणि ते शहरही हेच. ही सगळी माणसे यादवीपूर्व काळाच्याही आधीची आहेत. १८४० साली गुलाम विकत घेणाऱ्याला ही गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती, असे म्हणायला जागा उरत नाही.

जेफरसनचे उदाहरण वर्गात नेहमी निघते. तेव्हा त्याच्या शेजारी त्याच्याच व्हर्जिनियातली आणखी दोन माणसे उभी केली पाहिजेत. रॉबर्ट कार्टर हा तिथला गडगंज जमीनदार. धर्मविचारात बुडालेला, आधी बाप्टिस्ट झालेला आणि मग स्वीडनबॉर्ग या धर्मचिंतकाच्या पंथाकडे वळलेला. १७९१ साली त्याने न्यायालयात दस्त नोंदवला आणि आपल्या मालकीच्या सुमारे पाचशे माणसांना टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याची व्यवस्था लावली. दुसरा एडवर्ड कोल्स. १८१४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने सत्तरी ओलांडलेल्या जेफरसनला पत्र लिहिले आणि गुलामगिरी संपवण्याच्या कामी पुढाकार घ्यावा अशी विनंती केली. जेफरसनने उत्तर दिले की आपले वय झाले, हे काम तरुणांचे आहे. आणि कोल्सने आपले गुलाम सोडून राज्याबाहेर जाऊ नये असाही सल्ला दिला. कोल्सने तो मानला नाही. १८१९ साली तो आपल्या गुलामांना घेऊन इलिनॉयकडे निघाला, ओहायो नदीत तराफ्यावर असताना त्यांना तुम्ही मुक्त आहात असे सांगितले आणि पुढे प्रत्येक कुटुंबप्रमुखाला १६० एकर जमीन दिली. जेफरसनच्या मालकीची आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे होती. त्यांतली अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी त्याने मुक्त केली. देव न्यायी आहे या विचाराने आपल्या देशाची भीती वाटते, असे मात्र त्याने स्वतःच लिहून ठेवले होते. हे तीन कागद एकत्र ठेवले की 'काळ' हा बचाव आपोआप बारीक होतो. जेफरसनला मोजायला आजची फूटपट्टी लागत नाही, कार्टर आणि कोल्स पुरेसे आहेत.

यापेक्षाही मोठी चूक त्या वाक्यात आहे. 'त्या काळची माणसे' म्हणताना आपण नकळत फक्त मालक मोजतो. १८६०च्या जनगणनेत अमेरिकेत ३९ लाख ५३ हजारांहून अधिक गुलाम होते. तीही त्याच काळची माणसे होती आणि गुलामगिरीबद्दल त्यांची मते होती. फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ सालचे आत्मकथन आज अनेक शाळांत वाचायला देतात, पण त्यातला धर्माचा धागा बहुधा निसटतो. डग्लस सांगतात की १८३२ साली त्यांच्या मालकाला मेथडिस्टांच्या एका मेळाव्यात धर्मसाक्षात्कार झाला, तेव्हा तो आता तरी मवाळ होईल अशी आशा वाटली होती. उलट तो अधिक निष्ठुर झाला. भाजल्यामुळे हात निकामी झालेल्या एका तरुण स्त्रीला बांधून चाबकाने मारताना तो बायबलमधले वचन म्हणत असे. पुस्तकाच्या शेवटी डग्लस यांनी मुद्दाम परिशिष्ट जोडले: आपण ख्रिस्ताच्या धर्माविरुद्ध बोलत नाही, या देशातल्या गुलामधारी धर्माविरुद्ध बोलतो, आणि या दोहोंमध्ये एवढे अंतर आहे की एकाचा मित्र तो दुसऱ्याचा शत्रूच असला पाहिजे. हे परिशिष्ट न वाचता डग्लस शिकवणे म्हणजे त्यांचा निवाडा कापून फक्त त्यांच्या पाठीवरचे वळ दाखवणे आहे.

इथे एक भारदस्त आक्षेप येतो. धर्म हा वरवरचा मुलामा होता, खरे कारण कापूस होता, मग वर्गाचा वेळ बायबलच्या वचनांवर का घालवायचा? आक्षेपातला अर्धा भाग खरा आहे आणि तो मुलांना नीट शिकवायलाच हवा. १७९० साली देशात सुमारे सात लाख गुलाम होते. १७९३ साली एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनवले, आखूड धाग्याचा कापूस फायद्याचा झाला, मिसिसिपी आणि अलाबामाकडे मळे पसरले, जुन्या राज्यांतून सुमारे दहा लाख माणसे जबरदस्तीने तिकडे हलवली गेली. युद्धाच्या उंबरठ्यावर देशाच्या निर्यातीतला निम्म्याहून अधिक हिस्सा कापसाचा होता आणि त्यात न्यूयॉर्कच्या सावकारांचा, मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्यांचा वाटा होता. धर्मावर त्याचा परिणाम झाला, हे तर तारखांवरूनच दिसते. १७८४च्या डिसेंबरात बाल्टिमोरला मेथडिस्ट चर्चची स्थापनासभा भरली तेव्हा सभासदांनी आपले गुलाम मुक्त केले पाहिजेत असा नियम झाला. सहा महिन्यांच्या आत तो स्थगित झाला. साठ वर्षांनी, १८४४ साली, जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्रू यांच्या घरी गुलाम आहेत यावरून तेच चर्च दुभंगले. १८४५ साली गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावे की नाही या वादातून ऑगस्टा इथे सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन जन्माला आले. स्वार्थाने अर्थ वाकवला, हे खरे. पण स्वार्थाला आपल्या बाजूने धर्म लागतोच का, हे कापूस सांगू शकत नाही. आणि चार्ल्स्टनच्या श्रीमंत गुलामधारी घरात जन्मलेल्या सारा आणि अँजेलिना ग्रिम्के या बहिणी घर सोडून उत्तरेला का गेल्या, १८३६ साली अँजेलिनाने दक्षिणेतल्या ख्रिस्ती स्त्रियांना उद्देशून आवाहन का लिहिले, कार्टरने आपली संपत्ती स्वतःहून का घटवली, याचेही उत्तर कापसाच्या भावात मिळत नाही.

आता मूळ दुखणे. गुलामगिरीचे धार्मिक समर्थन हे शिक्षक बहुधा ढोंग म्हणून दोन वाक्यांत उडवून लावतात. असे करण्याने मुलांचे नुकसान होते, कारण ते समर्थन शब्दशः वाचनाच्या पातळीवर बळकट होते. व्हर्जिनियाच्या कल्पेपर परगण्यातले बाप्टिस्ट धर्मोपदेशक थॉर्नटन स्ट्रिंगफेलो यांनी १८४१ साली ते सविस्तर मांडले. अब्राहामापाशी दास होते. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परक्या राष्ट्रांतले दास विकत घेऊन मुलांना वारसा म्हणून देण्याची मुभा आहे. येशूने गुलामगिरीविरुद्ध थेट आज्ञा केल्याची नोंद नाही. पौलाने इफिसकरांना लिहिताना दासांना धन्यांच्या आज्ञेत राहायला सांगितले, आणि अनेसिम या दासाला त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवले. यात नोहाने कनानला दिलेल्या शापाची भर घालून तो शाप आफ्रिकेच्या लोकांवर लादला जाई. हा शेवटचा दुवा मजकुरात कुठेही नाही, आणि अकरावीचा विद्यार्थी उत्पत्तीचा नववा अध्याय उघडून ते स्वतः पाहू शकतो. समोरच्या बाजूची वचनेही काही कमी नव्हती. माणूस पळवून विकणाऱ्याला निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात देहान्त सांगितला आहे. पळून आलेल्या दासाला त्याच्या धन्याच्या हवाली करू नये असे अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात आहे, आणि १८५०चा पळपुट्या गुलामांचा कायदा नेमके त्याच्या उलट सांगत होता. तरीही वचनाला वचन लावून हा वाद निर्णायकपणे जिंकणे गुलामगिरीच्या विरोधकांना जड गेले. ब्राउन विद्यापीठाचे अध्यक्ष फ्रान्सिस वेलँड आणि दक्षिण कॅरोलायनाचे रिचर्ड फुलर, दोघेही बाप्टिस्ट, यांच्यातला पत्रव्यवहार १८४५ साली पुस्तकरूपाने निघाला. फुलर विचारतात, जे देवाने एकदा मान्य केले आणि प्रेषितांनी चालू दिले ते मुळातच पाप कसे असेल? वेलँड म्हणतात, नव्या कराराने अशी तत्त्वे पेरली की ती रुजली की गुलामगिरी उभीच राहू शकणार नाही. एक अक्षराला धरतो, दुसरा आशयाला. गुलामगिरीचा कडवा विरोधक विल्यम लॉइड गॅरिसन तर १८४०च्या दशकात बायबलचे प्रत्येक वचन ईश्वरप्रेरित आहे ही भूमिकाच नाकारू लागला, आणि त्यामुळे अनेक श्रद्धाळू माणसे त्याच्यापासून दूर गेली. मार्क नोल या इतिहासकाराने २००६ सालच्या आपल्या पुस्तकात यादवी युद्धाला धर्मशास्त्रावरचे संकट म्हटले आहे ते याच अर्थाने: ग्रंथ सर्वांना सारखा मान्य, आणि त्याचा अर्थ मात्र अखेर सैन्यांनी ठरवला. ग्रंथप्रामाण्याचा हा पेच मराठी वाचकाला काही नवा नाही.

पण वेलँड आणि फुलर हे दोघेही गोरे, शिकलेले, सुरक्षित. वर्गातला धडा इथेच थांबला तर मुलांना वाटेल की प्रश्न दोन विद्वानांतला होता. तिसरे वाचन त्याच वेळी चालू होते, आणि त्याचा एक पुरावा मालकाच्याच हातचा आहे. चार्ल्स कोलकॉक जोन्स हे जॉर्जियातल्या लिबर्टी परगण्याचे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक, स्वतः मळ्यांचे आणि गुलामांचे मालक, गुलामांना तोंडी धर्मशिक्षण देण्याचे काम निष्ठेने करणारे. १८३०च्या दशकात त्यांनी एकदा गुलामांच्या मोठ्या जमावापुढे फिलेमोनाच्या पत्रावर प्रवचन केले आणि पौलाचा हवाला देऊन पळून जाण्याचा निषेध केला. पुढचे त्यांनी स्वतःच अहवालात लिहिले आहे. निम्मे श्रोते सरळ उठून चालते झाले. उरलेल्यांतही खुशी नव्हती. प्रवचन संपल्यावर काही जण म्हणाले, असे पत्र बायबलात नाहीच. काही म्हणाले, हे शुभवर्तमान नव्हे. काहींनी सांगितले की तुम्ही धन्यांना खूश करायला बोलता, आणि तुमचे प्रवचन पुन्हा कानी पडले नाही तरी चालेल. यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. पत्र बायबलात आहे की नाही, या प्रश्नावर ते चुकले होते. पण देवाच्या नावाने काय सांगता येते आणि काय येत नाही याचा निकाल त्यांनी धन्याच्या तोंडावर दिला, आणि तोही उठून गेल्यास काय होईल हे ठाऊक असताना. याच निकालाचा पडसाद पुढे शंभर वर्षांनीही सापडतो. धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांनी १९४९ सालच्या पुस्तकात आपल्या आजीबद्दल लिहिले आहे. त्या गुलामगिरीत वाढल्या होत्या, त्यांना वाचता येत नसे, नातू बायबल वाचून दाखवी. पण पौलाची पत्रे त्या वाचू देत नसत, अपवाद फक्त करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातल्या प्रेमावरच्या अध्यायाचा. मालकाचा धर्मोपदेशक सतत पौलाचे दाखले देई, म्हणून स्वातंत्र्य मिळाल्यास तो भाग वाचायचा नाही असे त्यांनी ठरवले होते. गुलामांची गाणी, प्रार्थना, झाडीत लपून भरणाऱ्या सभा, सगळ्यांत मोशे आणि फारो येतात, लाल समुद्र येतो. फिलेमोन येत नाही.

यावर कुणी म्हणेल, बळी पडलेल्याचे वाचनही स्वार्थाचेच. मालकाला हवा तो अर्थ मालकाने काढला, गुलामाला हवा तो गुलामाने, मग दोघांत खरे कोण हे इतिहासाच्या तासाला कसे ठरवणार? हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासातच आहे असे मला वाटते. दोन अर्थांची तुलना करताना हेही पाहावे की प्रत्येक अर्थ टिकवण्यासाठी काय काय करावे लागले. चार्ल्स्टनचा डेन्मार्क व्हेसी हा मुक्त झालेला सुतार आफ्रिकन चर्चमध्ये इस्राएल लोकांच्या सुटकेची कथा सांगत असे. १८२२ साली उठावाच्या कटाचा ठपका ठेवून ३५ जणांना फाशी दिले गेले आणि ते चर्च पाडण्यात आले. १८३१ साली व्हर्जिनियाच्या साउथॅम्प्टन परगण्यात नॅट टर्नर या धर्मोपदेशक गुलामाने केलेल्या उठावात ५० हून अधिक गोरे मारले गेले, आणि पुढच्या वर्षी राज्याने कृष्णवर्णीयांना, मग ते गुलाम असोत की मुक्त, धर्मोपदेश करण्याचीच बंदी केली. दक्षिण कॅरोलायनाने १८३४ साली गुलामांना वाचायला शिकवणे गुन्हा ठरवले. १८५४ साली नॉरफोकमध्ये मार्गारेट डग्लस या गोऱ्या स्त्रीला महिनाभर तुरुंगात जावे लागले, कारण ती आपल्या घरी मुक्त कृष्णवर्णीय मुलांना वाचायला शिकवत होती. ती गुलामगिरीची विरोधक नव्हती, पूर्वी तिच्याकडे गुलाम होते. शहरातल्या प्रतिष्ठित चर्चच्या रविवारच्या शाळेत अशी मुले पुस्तके घेऊन शिकतात, मग मी कोणता गुन्हा केला, असे तिने न्यायालयात विचारले. ज्या अर्थाला जिवंत राहण्यासाठी इतरांचे वाचन बंद करावे लागते, प्रवचनावर पहारा बसवावा लागतो, त्याच्या सच्चेपणाबद्दल हा पुरावा काही ना काही सांगतोच. गुलामांच्या वाचनाला कुणाचे तोंड बंद करण्याची गरज पडली नाही. हा निकष विसाव्या शतकातून उचलून मागे नेलेला नाही. ते कायदे, त्या शिक्षा त्याच काळातल्या आहेत. म्हणून इतिहासाचा शिक्षक धर्मशास्त्राचा निकाल न देताही मुलांना विचार करण्याचे ठाम साधन देऊ शकतो.

सरकारी शाळेत बायबल उघडता येईल का, ही शंका वारंवार काढली जाते, पण तिचा निकाल १९६३ सालीच लागला आहे. अॅबिंग्टन शाळा मंडळाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेने घडवून आणलेले धार्मिक बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले, आणि त्याच निकालात बायबलचा साहित्य व इतिहास म्हणून तटस्थ अभ्यास करायला हरकत नाही असेही स्पष्ट केले. याहून अवघड शंका शिक्षकाच्या स्वतःच्या मनात असते: स्ट्रिंगफेलोंचे लेखन सोळा वर्षांच्या मुलांच्या हाती देणे म्हणजे त्याला प्रतिष्ठा देणे नव्हे का? वर्गात गुलामांचे वंशज बसलेले असतात. ही भीती रास्त आहे आणि तिच्यापायी काही गोष्टी कडकपणे टाळल्याच पाहिजेत. गुलामगिरी योग्य की अयोग्य असा वादविवाद वर्गात लावू नये. कुणाचे माणूसपण हा मतदानाचा विषय नसतो. लिलावाची नक्कल, मुलांना गुलाम आणि मालक बनवून केलेले प्रसंगनाट्य, यांतून समज वाढत नाही, फक्त कुणाचा तरी अपमान होतो. पण स्ट्रिंगफेलोंचा युक्तिवाद दडवणे हा त्यावरचा उपाय नाही. त्याचे एक पान, त्याच्याच शेजारी जोन्स यांच्या अहवालातला तो परिच्छेद, आणि डग्लस यांचे परिशिष्ट, असे एकत्र वाचले की मुलांना कळते की भला, अभ्यासू, प्रार्थनाशील माणूस एका प्रचंड अन्यायाला आधार कसा पुरवतो. जोन्स क्रूर नव्हते. म्हणूनच ते अभ्यासायला हवेत. खलनायकच अन्याय करतात असे शिकलेला विद्यार्थी, भल्या माणसांनी केलेला अन्याय ओळखू शकणार नाही.

असा इतिहास शिकवल्याने मुले अस्वस्थ होतात, हा आक्षेप अलीकडे कायद्यांत उतरला आहे. ओक्लाहोमासह काही राज्यांनी २०२१ पासून असे कायदे केले की वंशाच्या कारणावरून विद्यार्थ्याला अपराधी किंवा अस्वस्थ वाटले पाहिजे असे शिकवता कामा नये. पूर्वजांच्या कृत्याचा गुन्हा मुलाच्या माथी मारू नये, हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. पण शिकवताना अस्वस्थता येणे आणि गुन्हा माथी मारणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्याच्या धाकाने घाबरलेला शिक्षक दोन्ही एकदमच टाळतो. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइट धर्मसंघाने, जॉर्जटाउन महाविद्यालय कर्जात असताना, २७२ माणसे लुइझियानाला विकण्याचा करार केला. किंमत १,१५,००० डॉलर. रोमहून परवानगी आली ती अटींवर: कुटुंबे तोडू नयेत, त्यांना धर्माचरण करता यावे, पैसे कर्ज फेडायला वापरू नयेत. अटी बऱ्याच अंशी पाळल्या गेल्या नाहीत. करारातल्या यादीत नावे आणि वये आहेत, आणि पहिले नाव पासष्ट वर्षांच्या आयझॅकचे आहे. २०१७ साली विद्यापीठाने एका इमारतीला त्याचे नाव दिले. ही यादी वाचताना मुलाला अस्वस्थ वाटले तर त्यात शिक्षकाचा दोष नाही, आणि मुलाचाही नाही. यादी वाचणाऱ्या गोऱ्या मुलालाही आपले पूर्वज म्हणून फक्त विक्रेतेच निवडावे लागत नाहीत. वूलमन, कोल्स, ग्रिम्के बहिणी त्याच इतिहासात आहेत. आणि पश्चात्ताप ही गोष्ट संस्थांनाही करावी लागते, हे त्याला सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनच्या उदाहरणावरून दिसेल: गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल त्या संस्थेने १९९५ साली, स्थापनेला दीडशे वर्षे झाली तेव्हा, ठराव करून क्षमा मागितली.

या टप्प्याचे शिक्षण कायम ओढाताणीत राहिले आहे. १९१९ साली जॉर्जियाच्या मिल्ड्रेड रदरफोर्ड यांनी शाळांतली पुस्तके तपासण्याचे निकष तयार केले. दक्षिणेतला मालक क्रूर आणि अन्यायी होता असे सांगणारे पुस्तक नाकारा, असा त्यांतला एक निकष होता, आणि दक्षिणेतल्या कित्येक पिढ्या त्याच वळणाच्या पुस्तकांवर वाढल्या. २०२३ साली फ्लोरिडाच्या अभ्यासक्रमात गुलामांनी शिकलेली कौशल्ये काही वेळा त्यांच्या स्वतःच्या फायद्याची ठरली असे शिकवण्याची सूचना आली. २०१८ साली सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटरने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बारावीच्या अवघ्या ८ टक्के मुलांना यादवी युद्धाचे मुख्य कारण गुलामगिरी हे ओळखता आले. याउलट त्या युद्धाला आठ वर्षे होतात न होतात तोच, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपातल्या त्या पुस्तकात धर्मग्रंथांतल्या कथा ज्यांना त्यांचा जाच झाला त्यांच्या बाजूने तपासल्या आहेत. लिबर्टी परगण्यातल्या त्या उठून गेलेल्या श्रोत्यांची जोतीरावांना माहिती असण्याचे कारण नाही. तरीही अमेरिकेच्या प्रश्नात ग्रंथाचा अर्थ कोण ठरवतो हा प्रश्न दडला आहे, हे त्यांनी इतक्या दुरून ओळखले होते.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया, नॉर्थ कॅरोलायना इथल्या हायस्कुलांत आज मराठी घरांतली हजारो मुले हाच टप्पा शिकत आहेत. त्यांच्या आईवडिलांना माझी विनंती आहे. पालकसभेत गणिताच्या गुणांबरोबर हेही विचारा की गुलामगिरीच्या पाठात गुलामांनी स्वतः सांगितलेले मुलांना काय वाचायला दिले जाते, आणि त्यातले धर्माचे पान शिकवतात की वगळतात. १९३६ ते १९३८ या काळात, तोवर हयात असलेल्या वृद्ध माणसांच्या २,३०० हून अधिक आठवणी सरकारी प्रकल्पातून लिहून घेतल्या गेल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्या कुणालाही फुकट वाचता येतात. शाळेने दिल्या नसतील तर तुम्ही द्या, आणि मुलांबरोबर बसून वाचा.